सेमिनरी, ब्रह्मचर्य आणि अधिकार : कॅथलिक धर्मगुरूंच्या घडणीविषयीच्या वादाचा आढावा

कॅथलिक धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांची जाहीर चर्चा सुरू होऊन आता चार दशके लोटली. तिचे पहिले पर्व, म्हणजे गुन्हे किती घडले, ते कोणी दडपले आणि अपराध्यांना शासन कोणी करावे याची चौकशी, निदान युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या प्रदेशांत तरी पुष्कळ पुढे गेली आहे. दुसरे पर्व त्या मानाने कमी गाजले, परंतु ते अधिक बिकट आहे. कारण त्यात अपराध्याइतकीच त्याला घडविणारी संस्थाही तपासावी लागते. ज्या सेमिनरीत तरुण मनुष्य सात-आठ वर्षे राहतो, शिकतो आणि पारखला जातो ती सेमिनरी, आणि दीक्षेनंतर ज्या बिरादरीत तो मरेपर्यंत वावरतो ती बिरादरी, यांत नेमके काय पालटले असता अशा गुन्ह्यांना वाव राहणार नाही, या प्रश्नाची उत्तरे आज निदान चार दिशांनी दिली जातात. ही उत्तरे एकमेकांस पूरकच आहेत असे म्हणण्याची रीत पडली आहे. प्रत्यक्षात त्यांतील काही परस्परांच्या मुळावर येणारी आहेत, आणि म्हणूनच ती क्रमाने पाहणे इष्ट आहे.

ट्रेंटचा वारसा

आजची सेमिनरी ही ट्रेंट येथील धर्मपरिषदेची निर्मिती होय. परिषदेच्या तेविसाव्या बैठकीत, १५ जुलै १५६३ रोजी, असा ठराव मंजूर झाला की प्रत्येक धर्मप्रांताने आपल्या ऐपतीप्रमाणे एक विद्यालय चालवावे, त्यात निदान बारा वर्षांची, लिहितावाचता येणारी मुले घ्यावीत, गरिबांच्या मुलांना अग्रक्रम द्यावा, आणि तारुण्याचे विकार जडण्यापूर्वीच त्यांना धर्माचरणाचे वळण लावावे. त्यापूर्वी पुष्कळसे धर्मगुरू एखाद्या वडीलधाऱ्या गुरूच्या हाताखाली उमेदवारी करून दीक्षा घेत आणि कित्येकांना लॅटिन मिस्साही धड म्हणता येत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा ठराव त्या काळी केवढी मोठी सुधारणा होता ते कळते. मिलानमध्ये चार्ल्स बोरोमियो यांनी तो अमलात आणला. सतराव्या शतकात पॅरिसच्या सां-सुल्पीस येथे जां-जाक ओलिए यांनी त्याला तपश्चर्येची आणि गुरुपदाच्या अलौकिक पावित्र्याची जोड दिली. आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत घंटेवर चालणारा दिनक्रम, मौनाचे तास, घरादाराशी तुटलेला संबंध, दोघा विद्यार्थ्यांच्या विशेष मैत्रीस मनाई आणि वरिष्ठांच्या आज्ञेपुढे निमूट मान तुकविणे, हे या संस्थेचे जगभरचे रूप ठरून गेले. तेराव्या लिओ पोपनी १८९३ मध्ये कँडी येथे स्थापिलेली आणि १९५५ मध्ये पुण्यास आलेली पेपल सेमिनरी काय, किंवा गोव्यातील राशोलची जुनी सेमिनरी काय, आपल्याकडील संस्थाही याच परंपरेतल्या.

या रचनेत लैंगिकतेचा विचार जवळजवळ केवळ निषेधाच्या रूपाने येई. ब्रह्मचर्य कसे जगावे हे शिकविण्यापेक्षा कशाकशापासून दूर राहावे याची यादीच मोठी असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या आदेशान्वये मानसशास्त्राचे साहाय्य घ्यावे, उमेदवाराच्या परिपक्वतेकडे लक्ष पुरवावे आणि ब्रह्मचर्य हे समजून-उमजून स्वीकारलेले असावे, असे सांगितले. परंतु त्यानंतरच्या दशकात हजारो धर्मगुरू गुरुपद सोडून गेले, अनेक ठिकाणी जुनी शिस्त सैल झाली आणि तिच्या जागी काय आणावे हे ज्या-त्या रेक्टरच्या मगदुरावर राहिले. वादाची पहिली फूट येथेच पडते. एका पक्षाच्या मते ही सैल झालेली शिस्तच अनर्थास कारण झाली. दुसऱ्याच्या मते अपराधी धर्मगुरू प्रायः जुन्या, बंदिस्त सेमिनरीतून बाहेर पडलेले होते. न्यूयॉर्कच्या जॉन जे महाविद्यालयाने २०११ मध्ये सादर केलेल्या कारणमीमांसेने दोन्ही पक्षांना थोडे-थोडे दिले : आरोपितांतील बहुसंख्य १९७० पूर्वी दीक्षित झालेले, मात्र त्यांच्या गुन्ह्यांचा भर साठ-सत्तरच्या दशकांतील सामाजिक उलथापालथीच्या काळात आलेला. त्या काळावर दोष ढकलणे हा सोयीस्कर बचाव आहे अशी टीका या अहवालावर झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. कारण काळ सर्वांनाच सारखा होता, पण तक्रार दडपण्याची मुभा सर्वांना सारखी नव्हती.

दप्तरात राहिलेले इशारे

हा प्रश्न २००२ मध्ये बोस्टनच्या वृत्तपत्राने उकरून काढला, ही समजूत अपुरी आहे. न्यू मेक्सिकोमध्ये १९४७ साली वाट चुकलेल्या धर्मगुरूंसाठी संस्था काढणारे फादर जेराल्ड फिट्झगेराल्ड यांनी पन्नाशीच्या दशकातच बिशपांना पत्रे लिहून बजावले होते की मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना पुन्हा सेवेत घेणे धोक्याचे आहे. १९७२ मध्ये यूजीन केनेडी आणि व्हिक्टर हेकलर यांनी अमेरिकन बिशपांच्याच विद्यमाने केलेल्या मानसशास्त्रीय पाहणीत असे आढळले की धर्मगुरूंतील मोठा वर्ग भावनिक दृष्ट्या पुरता वाढलेला नाही. वयाने प्रौढ झालेल्या या मंडळींना जिव्हाळ्याची नाती जमत नाहीत. १९८५ मध्ये, लुइझियानातील एका धर्मगुरूच्या खटल्याच्या निमित्ताने, कॅनन कायद्याचे पंडित थॉमस डॉइल, वकील रे माउटन आणि मानसोपचारतज्ज्ञ मायकेल पीटरसन या तिघांनी एक विस्तृत टिपण तयार केले. बिशपांच्या परिषदेने ते अधिकृतपणे कधीच स्वीकारले नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रियाचे कार्डिनल हान्स हेर्मान ग्रोएर यांच्यावर आरोप झाला तो होलाब्रुन येथील बालसेमिनरीतल्या एका माजी विद्यार्थ्याकडून, आणि त्या वेळी प्रथमच सेमिनरीची भिंत आतून कशी आहे याकडे युरोपचे लक्ष गेले.

पुढील आकडे आता सर्वांच्या परिचयाचे आहेत. अमेरिकेत १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर १०,६६७ व्यक्तींच्या तक्रारी, म्हणजे सेवेतील धर्मगुरूंपैकी सुमारे ४ टक्के. जर्मनीत १९४६ ते २०१४ या काळात १,६७० धर्मसेवक आणि ३,६७७ पीडित, प्रमाण ४.४ टक्के, ऑस्ट्रेलियात १९५० ते २०१० या काळातील धर्मगुरूंपैकी ७ टक्क्यांवर आरोप, आणि फ्रान्समध्ये २०२१ च्या सोव्हे आयोगाचा, १९५० पासून धर्मसेवकांकडून २,१६,००० अल्पवयीन पीडित झाल्याचा अंदाज. हे आकडे एका तागडीत घालता येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. अमेरिका व जर्मनी येथील गणना धर्मप्रांतांच्या दप्तरांवर आधारलेली आहे, तर फ्रान्सचा अंदाज सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाहणीवरून काढलेला आहे, आणि ज्या देशात दप्तर नष्ट झाले किंवा मुळात ठेवलेच गेले नाही तेथे अल्प आकडा हा निर्दोषतेचा दाखला ठरत नाही.

कोणाला आत घ्यावे

सुधारणेचे पहिले उत्तर प्रवेशद्वारावरच्या पारखीचे आहे. २००२ नंतर अमेरिकेतील सेमिनऱ्यांत मानसशास्त्रीय चाचण्या आणि गतायुष्याची चौकशी कसोशीने होऊ लागली. २००५-०६ मध्ये रोमने तेथील सेमिनऱ्यांची औपचारिक तपासणी करविली. नोव्हेंबर २००५ मध्ये खोलवर रुजलेली समलैंगिक प्रवृत्ती असलेल्या उमेदवारास सेमिनरीत घेऊ नये अशी आज्ञा निघाली. आणि २००८ मध्ये, उमेदवाराच्या लेखी संमतीने मानसशास्त्रज्ञाचा सल्ला घ्यावा अशी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध झाली.

या आज्ञेमागचा पक्ष असा : अमेरिकेतील पीडितांत ८१ टक्के मुलगे होते, २००४ मध्ये ऑस्ट्रियातील सेंट पोल्टेनच्या सेमिनरीत जे लैंगिक गैरवर्तन उघडकीस आले त्यामुळे ती सेमिनरी बंद करावी लागली, आणि सिद्धान्तनिष्ठा ढळली की आचारही ढळतो. अमेरिकन कॅथलिक लेखक जॉर्ज वायगेल यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात हा निष्ठेचा मुद्दा मांडला, आणि निवृत्त पोप बेनेडिक्ट यांनी एप्रिल २०१९ च्या लेखात साठच्या दशकातील नीतिशास्त्राची पडझड आणि काही सेमिनऱ्यांतील समलैंगिकांचे गट यांकडे बोट दाखविले. उलट पक्षाचे म्हणणे असे की मुलग्यांचे प्रमाण मोठे दिसते ते धर्मगुरूंच्या सहवासात वेदीसेवक आणि वसतिगृहातील विद्यार्थी या नात्याने मुलगेच अधिक येत म्हणून. जॉन जे अहवालालाही लैंगिक कल हा अत्याचाराचा सूचक आढळला नाही. शिवाय ज्याला आपल्या स्वभावाचा उच्चार केल्याबरोबर बाहेर काढले जाण्याचे भय आहे तो गुप्ततेतच तरबेज होतो, आणि गुप्ततेची सवय हीच या संस्थेची जुनी व्याधी आहे, असाही या पक्षाचा आक्षेप आहे.

पारखीच्या मर्यादेविषयी मात्र दोन्ही पक्षांना न आवडणारा पुरावा आहे. आरोपित अमेरिकन धर्मगुरूंपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांत बालकामुकतेचे निदान बसण्याजोगे वर्तन दिसले. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांत ते इतर धर्मगुरूंहून ठळकपणे वेगळे निघाले नाहीत. आणि दीक्षा व पहिला नोंदलेला गुन्हा यांत अमेरिकेत आणि जर्मनीतही सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ गेलेला होता. जो मनुष्य बाविसाव्या वर्षी चाचणीत निर्दोष ठरला तो अडतिसाव्या वर्षी, एकाकी, थकलेला आणि कोणालाही हिशेब न देणारा असा, काय करील हे कोणत्याही प्रश्नावलीस सांगता येत नाही.

आत काय घडते

म्हणूनच दुसरे उत्तर घडणीचे. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी २५ मार्च १९९२ च्या आपल्या पत्रात मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाविषयक अशा घडणीच्या चार अंगांत मानवी अंगाला पायाचे स्थान दिले. ८ डिसेंबर २०१६ च्या जागतिक आराखड्याने आरंभीचा पूर्वतयारीचा काळ अलग केला, अल्पवयीनांच्या संरक्षणाचे शिक्षण आवश्यक ठरविले आणि घडणीत स्त्रियांच्या सहभागाचे महत्त्व मान्य केले. कागदावरची ही प्रगती मोठी आहे. परंतु सेमिनरीच्या अंतर्रचनेत एक गाठ आहे, तिचा उल्लेख बाहेरच्या टीकाकारांच्या लिखाणात क्वचितच येतो. कॅनन कायद्याच्या २४० व्या कलमानुसार विद्यार्थ्यास दीक्षेस घ्यावे की काढून टाकावे, हे ठरविताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूचे मत कधीही विचारता येत नाही. हेतू उदात्त आहे : अंतःकरण उघडण्यासाठी एक तरी जागा निर्भय असावी. फलित असे की तरुणाची खरी ओढाताण ज्या एकाला ठाऊक असते त्याला निर्णयात तोंड उघडता येत नाही, आणि ज्यांच्या हाती निर्णय असतो त्या रेक्टर व अध्यापकांपुढे विद्यार्थी आपला उजळ भागच ठेवतो. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनावर ज्याचे सारे भवितव्य टांगलेले आहे, तो आज्ञाधारक दिसण्याची कला शिकला तर नवल नाही. ही कला पुढे बिशपांसमोरही उपयोगी पडते.

यावर तोड काय? काहींच्या मते ब्रह्मचर्य, लैंगिक इतिहास आणि एकाकीपणा हे विषय विद्यार्थ्याने अध्यापकांपुढे उघडपणे मांडावेत अशी प्रथा पाडावी, आणि प्रामाणिकपणाला शिक्षा होणार नाही अशी हमी द्यावी. इतरांच्या मते अशी हमी देणे शक्यच नाही, कारण मांडलेल्या गोष्टीवर निर्णय घ्यावाच लागतो. रोमच्या पापनिवेदनविषयक न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये अंतःकरणाच्या गोपनीयतेचे पावित्र्य पुन्हा ठासून सांगितले. त्यामुळे नियम कायम राहिला, गाठही कायम राहिली.

सेमिनरी ही इमारतच मोडून विद्यार्थ्यांना लहान गटांत, सामान्य वस्तीत ठेवावे, विद्यापीठात इतरांबरोबर शिकवावे, असाही एक विचार आहे. २०१६ मध्ये डब्लिनचे आर्चबिशप डिअरमिड मार्टिन यांनी मेनूथच्या प्रसिद्ध सेमिनरीतील निनावी तक्रारींच्या गढूळ वातावरणाला कंटाळून आपले विद्यार्थी रोमच्या आयरिश कॉलेजात पाठविण्याचे ठरविले, तेव्हा या विचाराला जोर आला खरा. परंतु एका सेमिनरीतून दुसऱ्या सेमिनरीत पाठविणे हा त्या विचाराचा अवलंब नव्हे. बालसेमिनरीविषयी मात्र मत बरेच एकवटत आहे. मार्सियाल मासिएल यांनी स्थापिलेल्या लिजन ऑफ ख्राइस्ट या संघाने २०१९ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार संघातील ३३ धर्मगुरूंनी १७५ अल्पवयीनांवर अत्याचार केले होते, त्यांतील निदान ६० जण खुद्द संस्थापकांचे बळी होते, आणि अत्याचारितांपैकी काही पुढे अत्याचारी झाले. मुलांना कोवळ्या वयात कुटुंबापासून तोडून एकाच अधिकाराच्या छायेत ठेवण्याचे याहून भीषण उदाहरण सापडणे कठीण.

ब्रह्मचर्याचा प्रश्न

तिसरे उत्तर ब्रह्मचर्याची सक्ती उठविण्याचे. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने डिसेंबर २०१७ च्या अंतिम अहवालात ब्रह्मचर्य हे अत्याचाराचे थेट कारण नसले तरी इतर घटकांच्या संगतीने धोका वाढविते असे म्हटले आणि धर्मप्रांतीय गुरूंसाठी ते ऐच्छिक करण्याचा विचार रोमने करावा अशी शिफारस केली; जर्मनीच्या सिनोडल मार्गानेही, म्हणजे बिशप व सामान्य श्रद्धाळू यांच्या संयुक्त विचारविनिमयाच्या प्रक्रियेनेही, २०२३ मध्ये फेरविचाराची मागणी मंजूर केली. विरोधकांचा युक्तिवाद दुबळा नाही : ब्रह्मचर्याचा नियम सर्व काळ एकच होता, गुन्ह्यांचे प्रमाण मात्र चढले आणि उतरले, तेव्हा स्थिर गोष्टीने अस्थिर गोष्टीचा उलगडा होत नाही, आणि विवाहित धर्मोपदेशक असलेल्या इंग्लंडच्या चर्चमध्ये व अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट संघातही चौकशांनी हेच दृश्य दाखविले आहे. याला माजी धर्मगुरू व संशोधक रिचर्ड साइप यांच्यासारख्यांचे प्रत्युत्तर असे की दोष ब्रह्मचर्यात नसून ते पाळले जात असल्याच्या सोंगात आहे. ज्याचे स्वतःचे गुपित आहे तो दुसऱ्याच्या गुन्ह्याकडे बोट दाखवू धजत नाही.

जर्मन अहवालातील एक तुलना येथे फार उद्धृत होते. धर्मप्रांतीय गुरूंत आरोपितांचे प्रमाण ५.१ टक्के, तर विवाहित असू शकणाऱ्या स्थायी डीकनांत ते १ टक्का. ब्रह्मचर्यविरोधकांना हा निर्णायक पुरावा वाटतो. परंतु डीकनाच्या हाती पॅरिशचा कारभार नसतो, पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नसतो, लोक त्याच्यासमोर तितके झुकत नाहीत. तेव्हा हा फरक विवाहाचा की अधिकाराचा, हे या आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

बिरादरी आणि तिचा अधिकार

चौथे उत्तर अधिकाराचे, आणि गेल्या दहा वर्षांत चर्चेचा मध्य निश्चितपणे येथे सरकला आहे. २० ऑगस्ट २०१८ च्या पत्रात फ्रान्सिस पोपनी पुरोहितशाहीला, म्हणजे धर्मगुरूला इतरांहून वरचढ मानण्याच्या वृत्तीला, नकार दिल्याशिवाय अत्याचाराला नकार देता येणार नाही अशा आशयाची भूमिका घेतली. आयर्लंडमधील संशोधक मरी कीनन यांनी अपराधी धर्मगुरूंच्या मुलाखतींच्या आधारे २०१२ मध्येच दाखविले होते की, जाहीर जीवनात अमर्याद सत्ता आणि वरिष्ठांपुढे संपूर्ण असहायता या दोन्ही टोकांत जगणारा मनुष्य आपल्या सत्तेची जाणीवच गमावतो. चिलीमध्ये फर्नांदो कारादिमा या एका धर्मगुरूच्या वर्तुळातून डझनावारी धर्मगुरू आणि काही बिशपही घडले. गुरूवरील निष्ठेलाच तेथे पाचारणाची खूण मानले गेले, आणि मे २०१८ मध्ये त्या देशातील सर्व बिशपांनी राजीनामे पुढे केले. थिओडोर मॅकॅरिक यांचे प्रकरण सेमिनरीच्या दृष्टीने सर्वांत बोलके : न्यू जर्सीचे हे बिशप आपल्याच सेमिनरीयनांना समुद्रकाठच्या घरी नेत, त्याविषयी कुजबुज वर्षानुवर्षे होती, तरी ते कार्डिनल झाले, २०१९ मध्ये त्यांना गुरुपदावरून बडतर्फ केले गेले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रोमने साऱ्या नेमणुकांचा तपशील प्रसिद्ध केला. ज्याच्या हातून दीक्षा मिळायची त्याच्याविरुद्ध विद्यार्थ्याने तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला. मे २०१९ च्या पोपच्या हुकुमाने अधिकाराच्या दुरुपयोगाने प्रौढांवर झालेल्या बळजबरीलाही गुन्ह्याच्या कक्षेत घेतले आणि बिशपांविरुद्धच्या तक्रारींची वाट आखून दिली. त्याच वर्षी नोत्र दाम विद्यापीठाच्या विद्यमाने झालेल्या पाहणीत ६ टक्के अमेरिकन सेमिनरीयनांनी आपल्याला लैंगिक त्रास झाल्याचे, तर आणखी ४ टक्क्यांनी तसे झाले असावे, पण खात्री नाही असे सांगितले.

पुरोहितशाही हा शब्द आता इतक्या सैलपणे वापरला जातो की त्याने काहीही सिद्ध होते, ही परंपरावाद्यांची तक्रार रास्त आहे. तिला उत्तर म्हणून सांता क्लारा विद्यापीठातील ज्युली हॅनलन रुबियो व पॉल शुट्झ यांनी २०२२ च्या आपल्या पाहणीत लिंग, लैंगिकता आणि सत्ता यांच्या गुंफणीतून हा शब्द तपासण्याजोगा करण्याचा यत्न केला. तरीही सेमिनरीवर येथे जे ओझे टाकले जाते ते विचित्र आहे : ज्या सत्तेचा हव्यास धरू नये असे विद्यार्थ्याला सांगावयाचे, तीच सत्ता दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पॅरिश त्याच्या हाती देणार आहे. माझ्या मते अधिकारावर बोट ठेवणाऱ्या या उत्तराची ही खरी कसोटी आहे. रचना तशीच ठेवून केवळ शिकवणीने तिचा परिणाम पुसता येतो काय, याचा दाखला अद्याप कोणत्याही देशाने दिलेला नाही.

भारतातील परिस्थिती

आपल्याकडे कोणत्याही राष्ट्रीय आयोगाने हा प्रश्न तपासलेला नाही. जे काही प्रकाशात आले ते एकेका खटल्यातून. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमान्वये अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याची सक्ती आहे, आणि केरळातील एका धर्मगुरूस फेब्रुवारी २०१९ मध्ये याच कायद्याखाली वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात रोममध्ये भरलेल्या जागतिक परिषदेच्या संयोजकांत मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस होते. युरोपातील सेमिनऱ्या ओस पडत असता येथील सेमिनऱ्यांत दहावी-बारावीनंतर येणाऱ्या मुलांची वाण नाही. वसईत किंवा गोव्यात नवदीक्षिताची पहिली मिस्सा हा साऱ्या गावाचा सोहळा असतो, आणि तो पुढे शाळेचा मॅनेजर, संस्थेचा विश्वस्त आणि गावच्या तंट्यांतील पंचही होतो. परंतु पश्चिमेकडे पुरोहितशाहीविषयी जे लिहिले जाते त्यात नोकऱ्या आणि शाळाप्रवेश ज्याच्या शब्दावर अवलंबून आहेत अशा धर्मगुरूचा विचार फारसा आढळत नाही. तो येथल्यांनाच करावा लागेल, आणि स्त्रियांच्या काही गटांनी व थोड्या धर्मपंडितांनी तो आरंभिलाही आहे.

काय अनिर्णित राहते

सर्वांत मोठी अडचण श्रेयाची आहे. अमेरिकेत गुन्ह्यांची संख्या १९८५ च्या सुमारापासून झपाट्याने उतरू लागली, म्हणजे मानवी घडणीचे १९९२ चे पत्र निघण्यापूर्वी आणि २००२ च्या कडक नियमांच्या कितीतरी आधी. हा उतार खटल्यांच्या भयाने आला, समाजाच्या जागरूकतेने आला, धर्मगुरूंची संख्या घटल्याने आला की तक्रार करण्यास लागणाऱ्या दीर्घ विलंबामुळे तो अंशतः आभासी आहे, यावर एकमत नाही. आणि दीक्षा व गुन्हा यांतील अंतर लक्षात घेता २०१६ च्या आराखड्याखाली घडलेल्या पिढीविषयी काही निश्चितपणे बोलण्यास अजून बराच काळ जावा लागेल. ऑक्टोबर २०२४ च्या सिनोडने त्या आराखड्याची फेररचना सुचविली असून सेमिनरीत स्त्रियांचा लक्षणीय सहभाग असावा असे म्हटले आहे. त्या स्त्रियांना केवळ शिकविण्याचा अधिकार असावा की दीक्षेच्या निर्णयात मतही असावे, हे ज्या-त्या देशाच्या बिशपांवर राहील असे दिसते. एका सेमिनरीने काढलेला उमेदवार दुसरीकडे घेताना आधीच्या वरिष्ठांचा दाखला मागावा, असा कॅनन कायद्याचा नियम आहे. पण ज्या बिशपाकडे पन्नास पॅरिश आणि तीस धर्मगुरू आहेत तो हा दाखला किती बारकाईने वाचील, आणि त्याने तो वाचला की नाही हे बाहेरून तपासणारी स्वतंत्र यंत्रणा असावी काय, या दोन प्रश्नांवर बिशपांच्या परिषदा अद्याप विभागलेल्या आहेत.